काउंटरवरचं इंग्रजी: ठाण्यातल्या एका विक्रेतीचा प्रकरण अभ्यास

राम मारुती रस्त्यावरच्या कपड्यांच्या दुकानात दहा वर्षांहून जास्त काळ काउंटर सांभाळलेल्या एक ताई घोडबंदर रस्त्याच्या बाजूच्या मॉलमध्ये, एका मोठ्या शोरूमच्या लेडीज सेक्शनला लागल्या. महिन्याभरात त्यांची खात्री पटत चालली की हे काम आपल्याला जमणार नाही. कपडा हातात घेतला की सुतापासून शिलाईपर्यंत सगळं सांगू शकणाऱ्या ताई, इंग्रजी बोलणारं गिऱ्हाईक समोर आलं की गप्प व्हायच्या. 'येस मॅडम', 'साईज मॅडम?', 'ओके मॅडम' एवढ्यावर सगळं आटपायचं. गिऱ्हाईक स्वतःच रॅक चाळायचं आणि बहुतेक वेळा रिकाम्या हाताने जायचं.

मी ठाण्यात नोकरी करणाऱ्या प्रौढांना बोलण्यातलं इंग्रजी शिकवते. ताई माझ्याकडे आल्या त्या या अवस्थेत. त्यांचं नाव इथे देत नाही. दोन्ही दुकानांत त्यांना सगळे ताई म्हणतात, मीही तेच म्हणते. हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण 'मला इंग्रजी येत नाही' असं म्हणणाऱ्या कितीतरी बायका मला भेटतात आणि त्यांना नेमकं काय येत नाही हे कुणी नीट बघतच नाही. ताईंच्या बाबतीत ते बघितलं, तेव्हा शब्दांची उणीव जवळपास नव्हतीच. उणीव होती ती शब्दांभोवतीच्या वाक्यांची. त्याहून मोठी अडचण अशी, की मराठीत ज्या अदबीने त्या बोलतात, ती अदब इंग्रजीत कुठे ठेवायची हे त्यांना कुणी दाखवलंच नव्हतं.

जुनं दुकान, नवं दुकान

ताई कळव्याला राहतात. शिक्षण मराठी माध्यमातून, दहावीपर्यंत. जुन्या दुकानातलं गिऱ्हाईक नौपाडा, पाचपाखाडी, चरई इथलं. मराठी आणि गुजराती घरं, दोन-दोन पिढ्या येणारी. तिथे ताईंचं बोलणं हाच दुकानाचा अर्धा माल होता. 'बसा ना, घ्यायलाच पाहिजे असं नाही, बघून तर घ्या.' 'हा रंग तुमच्यावर खुलून दिसेल.' 'रोजच्या वापराला घेताय ना, मग हा घ्या, मळखाऊ आहे.' ही वाक्यं त्या विचार न करता बोलतात. ऐकणाऱ्यालाही ती विक्रीची वाटत नाहीत.

नव्या दुकानात येणारं गिऱ्हाईक वेगळं. घोडबंदर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गेल्या काही वर्षांत मोठमोठी संकुलं उभी राहिली. तिथे बंगळुरू, चेन्नई, कोलकाता, कोची अशा ठिकाणांहून नोकरीसाठी आलेली कुटुंबं राहतात. त्यांच्यातल्या अनेकांना मराठी येत नाही आणि हिंदीही अडखळतच येते. अनोळखी माणसाशी बोलताना ती आपसूक इंग्रजीवर जातात. त्यात मिरवणं काही नसतं. त्यांच्याकडे दोघांना समजेल अशी ती एकच भाषा असते. हे ताईंना पटायला वेळ लागला. आधी त्यांना वाटायचं की समोरची बाई मुद्दाम इंग्रजी झाडतेय. तो समज गेला तेव्हा त्यांच्या खांद्यावरचं निम्मं ओझं उतरलं, असं मला आजही वाटतं.

व्यवस्थापकांनी प्रोबेशन संपेपर्यंत 'कस्टमरशी इंग्लिशमध्ये बोला' असं सांगितलं होतं. कसं बोलायचं, ते कुणी सांगितलं नव्हतं.

शब्द होतेच

पहिल्या दिवशी ताईंनी एक यादी आणली. मुलीने मोबाइलवरून छापून दिलेले खरेदीविषयीचे इंग्रजी शब्द. त्यात ग्रीनग्रोसर होता, फिशमाँगर होता, हॅबरडॅशर, म्हणजे सुया-दोरे-बटणं विकणारा, होता. इंग्लंडच्या जुन्या पेठेत हे शब्द शोभतील. ठाण्याच्या मॉलमध्ये कुणी हॅबरडॅशर विचारत येणार नाही, आणि जांभळी नाक्यावर भाजी घेताना ग्रीनग्रोसरची गरज पडत नाही. यादी मी बाजूला ठेवली आणि ताईंना कालचा दिवस सांगायला सांगितलं, मराठीत.

त्या म्हणाल्या, "सकाळी स्टॉक लावला, टॅग चेक केले. एका मॅडमना ट्रायल रूम दाखवली, त्यांना मीडियम टाइट झाला म्हणून लार्ज दिला. बिलिंगला ऑफर अप्लाय होईना, त्यात लाइन वाढली. मग एक जण रिटर्न घेऊन आले, त्यांना एक्स्चेंज नको होतं, कॅश रिफंड पाहिजे होता, पण आमच्याकडे क्रेडिट नोटच देतात."

हे मी लिहून घेतलं आणि त्यातले इंग्रजी शब्द अधोरेखित करून कागद त्यांच्यासमोर ठेवला. नामं जवळपास सगळी इंग्रजी होती. क्रियापदं आणि शब्दांना जोडणारी प्रत्ययांची वीण तेवढी मराठी. ज्या बाईला 'इंग्रजीचा एक शब्द येत नाही' असं वाटत होतं, तिच्या चार वाक्यांत धंद्याचा सगळा शब्दसंग्रह हजर होता.

इंग्रजी शिकवणाऱ्यांत शब्दांच्या याद्यांची परंपरा जुनी आहे. मायकेल वेस्ट यांनी १९५३ साली सुमारे दोन हजार अत्यावश्यक शब्दांची यादी प्रसिद्ध केली आणि जगभरच्या पाठ्यपुस्तकांनी तिचा आधार घेतला. त्या यादीचं मोल मी नाकारत नाही. वेस्ट यांनी शिकवण्याचा अनुभव बंगालमध्ये घेतला होता आणि आपल्याकडच्या मुलांच्या अडचणी त्यांना ठाऊक होत्या. पण ताईंसाठी मला जास्त उपयोगी पडला तो दुसऱ्या एका अभ्यासकाचा विचार. जे. आर. फर्थ यांनी १९२०च्या दशकात लाहोरला इंग्रजी शिकवलं आणि पुढे लंडनमध्ये भाषाशास्त्राचं अध्यापन केलं. शब्द ओळखायचा तो त्याच्या सोबत्यांवरून, असं त्यांनी १९५७ साली मांडलं. ताईंकडे 'साईज' होता, पण इंग्रजीत 'साईज'च्या मागेपुढे कोण उभं राहतं ते माहीत नव्हतं. 'अ साईज बिगर', 'इन युअर साईज', 'वी आर आउट ऑफ दॅट साईज', 'व्हॉट साईज डू यू युज्वली वेअर?' हे सोबती मिळाल्याशिवाय 'साईज' एकटाच राहतो, आणि मग 'साईज मॅडम?' एवढंच तोंडून बाहेर पडतं.

जिथे गाडी अडत होती

दोन-तीन प्रसंग सांगते, कारण सगळं निदान त्यांत आहे.

पहिला 'टेल मी मॅडम'चा. जुन्या दुकानात ताई गिऱ्हाइकाला 'बोला ना, काय दाखवू?' म्हणायच्या. त्यातला 'बोला ना' इंग्रजीत उतरला तो 'टेल मी' होऊन, आणि 'काय हवंय?' उतरलं ते 'व्हॉट यू वॉन्ट?' होऊन. मराठीत 'बोला'मधला 'आ' आणि शेवटचा 'ना' मिळून आदर आणि आपुलकी दोन्ही सांभाळतात. इंग्रजी क्रियापदाला असा आदरार्थी प्रत्यय नाही. 'टेल' हे तू, तुम्ही, आपण या सगळ्यांना सारखंच. त्यामुळे ताईंची वाक्यं व्याकरणाने जवळपास बरोबर असूनही कानाला फटकळ लागत होती. ताईंनाही ते आतून जाणवत होतं, म्हणून त्या प्रत्येक दोन शब्दांनंतर 'मॅडम' घालत होत्या. क्रियापदातून निसटलेला मान त्या 'मॅडम'मध्ये ओतत होत्या. आठ-दहा 'मॅडम' ऐकल्यावर समोरची बाई उलट अवघडायची.

इंग्रजीत अदब राहते ती प्रश्नार्थक रचनेत आणि 'कुड', 'वुड', 'जस्ट' अशा छोट्या शब्दांत. 'जरा ते निळं दाखवा ना' यातला 'जरा' आणि 'ना' 'कुड आय हॅव अ लुक ॲट द ब्लू वन?' या बांधणीत जातात. विकणाऱ्याच्या बाजूने, 'थांबा हं, आणते' याचं 'वेट' झालं की समोरच्याला दरडावल्यासारखं वाटतं. 'वन मिनिट, आय'ल जस्ट गेट इट फॉर यू' म्हटलं की 'हं' जागेवर बसतो. 'काय हवंय?'ऐवजी 'आर यू लुकिंग फॉर समथिंग इन पर्टिक्युलर?' हे ताईंना इतकं आवडलं की त्यांनी ते घरी मुलीवर वापरून बघितलं.

दुसरा प्रसंग रंगाचा. कपड्याच्या धंद्यात जो माल भराभर खपतो त्याला 'रनिंग' म्हणतात. ताईंनी एका बाईंना जांभळा कुर्ता दाखवत उत्साहाने सांगितलं, "धिस कलर इज रनिंग, मॅडम." बाईंनी कुर्ता परत हँगरला लावला. इंग्रजीत रंग 'रन' होतो म्हणजे धुतल्यावर जातो. ताईंना दोन दिवस कळेना की चांगलं सांगूनही बाई का निघून गेल्या. मी अर्थ सांगितला तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला आणि लगेच विचारलं, "मग रंग जात नाही हे कसं सांगायचं?" हा प्रश्न मला फार मोलाचा वाटला, कारण तो यादीतून आलेला नव्हता. 'द कलर वोन्ट रन' हे वाक्य त्या आता विसरणं शक्य नाही. खपणाऱ्या रंगासाठी त्यांनी 'धिस वन इज सेलिंग रिअली वेल' घेतलं.

तिसरा प्रसंग 'जस्ट लुकिंग'चा, आणि तो भाषेपेक्षा रीतीचा आहे. राम मारुती रस्त्यावर गिऱ्हाईक म्हणतं, 'नुसतं बघतेय हो', तेव्हा ते बोलणं सुरू करण्याचं आमंत्रण असतं. 'बघायचे पैसे नाहीत, या आत' असं म्हणून ताई चार ड्रेस उलगडायच्या. मॉलमध्ये 'आय'म जस्ट लुकिंग, थँक्स' याचा अर्थ बहुतेक वेळा 'मला एकटीला बघू द्या' असा असतो. ताई तरीही मागे-मागे जायच्या, बाई पुढे-पुढे. इथे विक्रेतीचं इंग्रजी वाक्य छोटं आहे: 'शुअर, टेक युअर टाइम. आय'म राइट हिअर इफ यू नीड एनीथिंग.' आणि ते बोलून खरोखर दोन पावलं मागे यायचं. हे मागे येणं ताईंना जड गेलं. त्यांच्या लेखी ते गिऱ्हाईक सोडून देणं होतं. मी आग्रह केला नाही. काही दिवसांनी त्यांनीच सांगितलं की मोकळं सोडलेली बाई वीसेक मिनिटांनी स्वतःहून प्रश्न विचारायला येते, आणि तेव्हा तिला ऐकायचं असतं.

वही

आम्ही जे केलं ते साधं होतं. एक छोटी वही, एप्रनच्या खिशात बसेल एवढी. दिवसभरात जे वाक्य मराठीत किंवा हिंदीत तोंडावर आलं आणि इंग्रजीत अडलं, ते मराठीतच टिपायचं. समोरच्याच्या तोंडचं एखादं वाक्य आवडलं किंवा समजलं नाही, तर तेही जसं ऐकू आलं तसं देवनागरीत टिपायचं. वर्गात आम्ही दोघी ती वही उघडायचो. त्याच क्षणी, त्याच काउंटरवर, इंग्रजी सहज बोलणारी बाई काय म्हणाली असती, एवढाच प्रश्न. शब्दाला शब्द लावणं नाही.

देवनागरीत लिहिण्याबद्दल काही शिक्षक नाक मुरडतात. माझं मत वेगळं आहे. ताईंना निबंध लिहायचा नव्हता, बोलायचं होतं, आणि देवनागरीत लिहिल्यामुळे त्यांचा उच्चार उलट सुधारला. रिसीटमधला न उच्चारायचा 'पी' त्यांना कधी भेटलाच नाही, म्हणून तो चुकून उच्चारलाही गेला नाही.

दुसरी गोष्ट, आठवड्याच्या सुट्टीत त्यांनी स्वतः गिऱ्हाईक व्हायचं. आपलं दुकान सोडून मॉलमधल्या दुसऱ्या दुकानांत जायचं, एखादी वस्तू विचारायची आणि तिथल्या मुली काय बोलतात ते कानांत साठवायचं. काउंटरच्या पलीकडे उभं राहिल्यावर त्यांना कळलं की आपल्याला कोणतं वाक्य ऐकून बरं वाटतं. 'द ट्रायल रूम्स आर ॲट द बॅक, ऑन युअर लेफ्ट' हे एका मुलीने हात दाखवत सांगितलं, ते त्यांनी तसंच उचललं. 'हाऊ डिड इट गो?' हे ट्रायल रूममधून बाहेर येणाऱ्या बाईला विचारायचं वाक्यही तिथलंच. ताई आधी 'ओके आहे?' विचारायच्या. त्याचं उत्तर 'ओके' किंवा 'नॉट ओके' एवढंच येतं. 'हाऊ डिड इट गो?' विचारलं की बाई सांगते: खांद्यात सैल आहे, लांबीला तोकडा आहे. आणि तिथून ताईंचं खरं कौशल्य सुरू होतं.

बसतं, शोभतं, जातं

त्या कौशल्यासाठी भाषा मिळवणं हा आमच्या कामाचा सगळ्यात श्रीमंत भाग होता. आपल्याकडे 'सूट' हे एकच क्रियापद सगळीकडे फिरतं. ड्रेस सूट होतो, रंग सूट होतो, दूधसुद्धा सूट होत नाही. इंग्रजीत मापाला बसणं म्हणजे 'फिट', व्यक्तीला शोभणं म्हणजे 'सूट', आणि एका कपड्यावर दुसरा जाणं म्हणजे 'गो विथ'. मराठीत हा भेद आधीच स्वच्छ आहे: बसतं, शोभतं, जातं. ताईंना तो शिकवावा लागला नाही, फक्त तिन्ही क्रियापदांना जोडीदार द्यावे लागले. 'इट फिट्स यू वेल.' 'दॅट कलर रिअली सूट्स यू.' 'इट'ल गो विथ एनीथिंग.' खुलून दिसण्यासाठी 'इट ब्रिंग्ज आउट युअर आइज' असं इंग्रजीत म्हणतात, पण ताईंना ते आपल्या तोंडी नको वाटलं. त्यांचं बरोबर होतं. ज्या वाक्याने आपणच संकोचतो, ते कितीही अस्सल असलं तरी नैसर्गिक वाटत नाही.

कापडाच्या प्रश्नांची वेगळी पानं झाली. आटतं का, याला 'विल इट श्रिंक?' आणि उत्तर 'अ लिटल, इन द फर्स्ट वॉश'. टोचतं, म्हणजे 'इट्स स्क्रॅची'. आरपार दिसतं, म्हणजे 'सी-थ्रू'. ढगळ म्हणजे 'बॅगी', ऐसपैस म्हणजे 'रूमी'. पहिल्यात तक्रार असते, दुसऱ्यात कौतुक. मळखाऊ हा शब्द त्यांचा लाडका. इंग्रजीत तसा एकच शब्द हाताशी येईना, तेव्हा 'इट डझन्ट शो द डर्ट' घेतलं. लहान मुलांच्या आयांना ते वाक्य लगेच पटतं, असं ताई सांगतात.

रंगांच्या बाबतीत ताई माझ्या शिक्षिका झाल्या. अबोली, आमसुली, मोरपंखी, विटकरी, डाळिंबी, राणी, गुलबक्षी, मेंदी. मी एक सांगायची, त्या चार सांगायच्या. इंग्रजी रंगही असेच वस्तूंवरून आलेले असतात हे बघून त्या खूश झाल्या. मस्टर्ड म्हणजे मोहरी, रस्ट म्हणजे गंज, वाइन, पीच, ऑलिव्ह, आणि टील नावाचं तर एक बदक आहे. मोरपंखीच्या जवळ टील बसला, विटकरीच्या जवळ रस्ट, अबोलीच्या जवळ पीच. मराठीतला रंग आणि इंग्रजीतला रंग तंतोतंत जुळत नाहीत, पण दुकानात रंगाचं नाव कपडा हातात धरूनच घेतलं जातं, त्यामुळे जवळचं नाव पुरतं. याच ओघात मी त्यांना सांगितलं की इंग्रजीतले खाकी, शॉल, पजामा हे शब्द आपल्याच बाजूने गेलेले आहेत, आणि डंगरी हा शब्द मुंबईच्या डोंगरीवरून आला असं मानतात. मुलांच्या सेक्शनला डंगरी टांगलेल्या होत्याच. दुसऱ्या दिवशी ताईंनी तिथल्या मुलींना हे सांगितलं.

आकडे

किमतींचं काम लवकर झालं, कारण मराठी इथे मदतीला येते. १,४९९ला आपण चौदाशे नव्याण्णव म्हणतो, इंग्रजीतही 'फोर्टीन नाइन्टी-नाइन' चालतं. दीड हजार म्हणजे 'फिफ्टीन हंड्रेड', अडीच हजार म्हणजे 'ट्वेंटी-फाइव्ह हंड्रेड'. घोटाळा व्हायचा तो मापाच्या दोन अंकी आकड्यांत. मराठीत छत्तीस म्हणताना सहा आधी येतो, तीस नंतर, इंग्रजीत उलट. घाईत ताईंच्या तोंडून ३६चा ६३ व्हायचा. ३२ ते ४४ ही मापं आम्ही मोठ्याने, सुटी-सुटी आणि उलटसुलट क्रमाने म्हणत राहिलो, बाकीचे आकडे सोडून दिले.

सवलतीचं एक वाक्य मात्र जपून शिकावं लागलं. पन्नास टक्के आणि वर दहा टक्के अशी ऑफर असली की गिऱ्हाईक साठ टक्के समजतं. २,००० रुपयांच्या कपड्यावर आधी १,००० होतात, मग त्या १,०००वर दहा टक्के जाऊन ९०० उरतात, ८०० नव्हे. बिलिंगला यावरून वाद होत. 'इट्स फिफ्टी परसेंट ऑफ, अँड अनदर टेन ऑन द रिड्यूस्ड प्राइस. सो यू पे नाइन हंड्रेड.' शेवटचा आकडा आधीच सांगून टाकला की वाद होत नाही. 'फ्लॅट' म्हणजे सगळ्यावर सरसकट तेवढी सूट आणि 'अप टू' म्हणजे जास्तीत जास्त तेवढी, हा फरकही असाच गिऱ्हाइकाने विचारण्याआधी सांगायचा.

जे मुद्दाम सुधारलं नाही

ट्रायल रूमला इंग्लंडमध्ये 'फिटिंग रूम' किंवा 'चेंजिंग रूम' म्हणतात. कॅरीबॅगला तिथे 'कॅरिअर बॅग' म्हणतात. एमआरपी हा शब्द तर आपल्या कायद्याने पाकिटावर छापायला लावला म्हणून आपल्या रोजच्या बोलण्यात आला. इंग्लंडमधल्या गिऱ्हाइकाला तो समजणारही नाही. तरी यातलं काहीही मी बदललं नाही. ठाण्यातल्या मॉलमध्ये मल्याळी, तमिळ, बंगाली, मराठी सगळ्यांना ट्रायल रूम कळते. 'चेंजिंग रूम' म्हणून ताईंचं इंग्रजी जास्त नैसर्गिक झालं नसतं, उसनं वाटलं असतं. 'लास्ट पीस', 'फ्री साईज' हेही तसेच ठेवले. 'एक काम करा'वरून आलेलं 'डू वन थिंग'सुद्धा राहू दिलं, कारण ताई ते हसून म्हणतात आणि समोरची बाईही बहुतेक तेच म्हणत असते. 'व्हाय डोन्ट यू ट्राय द मीडियम?' हे वाक्य त्यांनी शेजारी लिहून घेतलं आहे. कधी हे, कधी ते वापरतात.

सुधारायचं ते तिथेच, जिथे समोरच्याचा गैरसमज होतो किंवा त्याला दुखतं. 'रनिंग' आणि 'व्हॉट यू वॉन्ट' सुधारणं भाग होतं. बाकीची आपली इंग्रजी, आपल्या शहराची. तिची लाज बाळगण्याचं कारण मला दिसत नाही.

आता

प्रोबेशन पार पडलं. ताई अजून लांब वाक्यांत काळ चुकवतात आणि कुणी भराभर बोललं की 'सॉरी, कुड यू से दॅट अगेन?' म्हणतात. पण म्हणतात, गप्प होत नाहीत. 'मॅडम' पुष्कळ कमी झालं. गिऱ्हाइकाला घेऊन आरशासमोर उभ्या राहतात, खांदा, बाही, घेर यांबद्दल बोलतात. त्यांचं इंग्रजी ऐकताना आता त्यांचं मराठी ऐकू येतं, आणि हे मी कौतुकाने लिहितेय.

त्यांना आता अधूनमधून रिटर्न काउंटरलाही उभं करतात. तिथली भाषा कठीण, कारण समोरचा माणूस आधीच वैतागलेला असतो. शिवाय तिथे वाक्याआधी नियम माहीत असावा लागतो. मन बदललं म्हणून परत आणलेला कपडा दुकानाच्या धोरणाप्रमाणे बदलून मिळतो किंवा क्रेडिट नोट मिळते. सदोष मालाचं तसं नाही. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे सदोष माल बिलावर दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. म्हणून ताई आधी विचारतात, 'इज देअर अ प्रॉब्लेम विथ इट, ऑर वुड यू लाइक अ डिफरंट साईज?' या एका प्रश्नाने दोन रांगा वेगळ्या होतात. शिवण उसवली असेल तर बाई 'इट केम अपार्ट ॲट द सीम' म्हणते. मग ताई 'आय'म सॉरी अबाउट दॅट' आधी म्हणतात, बिल नंतर मागतात. हा क्रम त्यांचा स्वतःचा. मी शिकवलेला नाही.

सध्या आमचा वेळ फोनवर जातो. एखादा साईज संपला की दुसऱ्या शाखेला फोन करून विचारावं लागतं. तिथे समोरचा दिसत नाही, कपडा हातात धरून दाखवता येत नाही. स्टाइल नंबर वाचताना 'बी' आणि 'डी' एकसारखे ऐकू येतात, म्हणून 'बी फॉर बॉम्बे, डी फॉर दिल्ली' ठरवून घेतलं. बाजूला काढून ठेवाल का, याला 'कुड यू कीप इट असाइड फॉर मी?' हे त्या परवा पहिल्यांदा फोनवर बोलल्या. पलीकडच्या मुलीने 'शुअर' म्हटलं आणि मापाचा कुर्ता दुसऱ्या दिवशी दुपारी आला. पत्ता उतरवून घेणं आणि पोहोचण्याची वेळ सांगणं अजून व्हायचं आहे. वहीत त्याची वाक्यं मराठीत लिहून तयार आहेत.